बर्फ सोसणारं झाड आणि शिवालिकचा जून

अंबाल्याहून कालक्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, चंडीगड आणि कालका यांच्या मधे, चंडीमंदिर हे छोटं स्टेशन लागतं. ज्या देवीवरून चंडीगडाला नाव मिळालं तिचं देऊळ इथलंच. लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून इथे हललं, आणि तेव्हापासून सातारा-कोल्हापूरकडच्या, नगर-बुलढाण्याकडच्या कितीतरी घरांच्या बोलण्यात ‘आम्ही चंडीमंदिरला होतो तेव्हा’ हे वाक्य रुळलं. बिऱ्हाड दोन-तीन वर्षांचंच असतं. पण क्वार्टरला अंगण असतं, त्यात तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा येतो, आणि रस्त्यापलीकडे सरळसोट उंच, पांढुरक्या खोडांची रांग दिसते. आपण तिला निलगिरी म्हणतो, इथे तिला सफेदा म्हणतात.

फौजेतून निवृत्त होणाऱ्यांपैकी काहींचं मन या पायथ्याशी गुंततं. कोणी पंचकुल्यात घर घेतं, कोणी मोरनीच्या डोंगरात जागा बघतं. मोरनी हरियाणात येतं. हिमाचलात मात्र शेतकरी नसलेल्या बाहेरच्या माणसाला जमीन घेणं १९७२ च्या कायद्यातल्या कलम ११८ मुळे सोपं नाही. बाग करायची ठरली की या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: हिवाळ्यात तग धरेल अशी निलगिरी कोणती? वेगाने वाढणारं, वर्षभर हिरवं, निळसर पानांचं, सुगंधी झाड कोणाला नको असतं! मात्र या प्रश्नाचा अर्धा भाग विचारायचा राहून जातो. हिवाळ्यात कोणती टिकेल हे विचारताना जूनमध्ये कोणती टिकेल हेही त्याच दमात विचारायला हवं. चंडीमंदिर आणि डोंगरावरचं कसौली यांच्यात सरळ रेषेत फार अंतर नाही, पण उंचीत दीड हजार मीटरचा फरक आहे. एकीकडे जे झाड राजासारखं वाढेल ते दुसरीकडे पहिल्याच वर्षी जाईल.

आधी हे ध्यानात घ्यायला हवं की निलगिरी म्हणजे एकच झाड नाही. युकॅलिप्टस या प्रजातीत सातशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या आहेत. १७७७ मध्ये कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत डेव्हिड नेल्सन याने टास्मानियालगतच्या ब्रूनी बेटावर एक नमुना गोळा केला, आणि त्यावरून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने या प्रजातीला नाव दिलं. वाळवंटातल्या खुरट्या झुडपापासून शंभर मीटर उंचीच्या वृक्षापर्यंत सगळे या एका नावाखाली येतात. काही जाती समुद्रकाठच्या दमट उष्ण हवेत वाढतात, काही वर्षातले कित्येक महिने बर्फात उभ्या असतात.

भारतात त्यांतल्या मुख्यतः दोन वाटा रुजल्या. निलगिरी पर्वतावर, उटीच्या आसपास, १८४३ पासून टास्मानियाचा ‘ब्लू गम’ म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस लावला गेला. सर्दी झाली की पाण्यात थेंबभर टाकून आपण वाफ घेतो ते तेल त्याच्या पानांचं. दुसरी वाट म्हैसूरकडची. नंदी डोंगरावर टिपू सुलतानाच्या बागेत १७९० च्या सुमारास काही जाती लावल्या गेल्या असं मानतात. त्या भागातून पुढे आलेलं मिश्र रक्ताचं झाड, ज्यात टेरेटिकॉर्निस या जातीचा वाटा मोठा, ‘म्हैसूर गम’ म्हणून देशभर पसरलं. पंजाब-हरियाणाचा सफेदा हा त्या घराण्यातला. ग्लोब्युलसला थंड उन्हाळा लागतो, म्हणून ते मैदानात रडतखडत जगतं. टेरेटिकॉर्निसला उष्णता चालते, पण कोवळेपणी कडक थंडी चालत नाही. म्हणून रोपवाटिकेत नुसतं ‘निलगिरी द्या’ म्हणून चालणार नाही.

आता थंडीकडे येऊ. हिमालयातला देवदार किंवा सफरचंदाचं झाड हिवाळ्याआधी कळ्यांवर खवल्यांचं आवरण घालून झोपी जातं. युकॅलिप्टसची अशी पक्की झोप नसते. त्याच्या कळ्या उघड्या असतात आणि हवा ऊबदार झाली की ते कोणत्याही महिन्यात वाढू लागतं. थंडी हळूहळू वाढत गेली तर त्याच्या पेशी तयार होतात, कोवळी पानं लालसर पडतात, आणि मग तेच झाड शून्याखाली बरंच तापमान झेलतं. तयारी नसताना एका रात्रीत पारा उतरला तर मात्र कागदावर उणे दहा सोसणारं झाड उणे चारलाही काळं पडतं. त्यामुळे परदेशी पुस्तकांतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. डिसेंबरच्या दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे गवतावर पांढरं दिसतं, अशा जागी झाडाला सावरायला अवधी मिळत नाही.

आणि थंडी सगळीकडे सारखी उतरत नाही. महाबळेश्वरला हे दरवर्षी दिसतं. वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्याच्या भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, फोटो छापून येतात, आणि त्याच रात्री वरच्या बाजारपेठेत तसं काही नसतं. निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, आणि उतारावरून खाली वाहत खोलगटीत साचते. निफाडचे द्राक्षबागायतदार याच हवेशी झुंजतात. थंडीची लाट आली की बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात, कारण ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय पठारावर या थंड हवेने डोंगराचा नेहमीचा नियम उलटा केला आहे. एरवी वर जावं तशी झाडं संपतात आणि गवत लागतं. तिथल्या काही दऱ्यांत तळाशी गवत आणि उतारावर झाडं दिसतात, कारण तळाशी साचणारी थंडी रोपांना उभंच राहू देत नाही. ‘स्नो गम’ म्हणजे युकॅलिप्टस पॉसिफ्लोरा हे झाड त्या सीमेवर उभं असतं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या मॅरिलिन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याच झाडाच्या रोपांवर एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केलं. मोठ्या झाडाभोवती रोपं सारखी विखुरलेली नव्हती, ती दक्षिणेकडे जास्त होती. दक्षिण गोलार्धात दक्षिण म्हणजे सावलीची बाजू. गारठलेल्या पानावर सकाळचं कडक ऊन पडलं की पानाची अन्न बनवण्याची यंत्रणाच बिघडते, म्हणून सावलीतली रोपं तगली. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण थंडीतलं रोप उन्हात ठेवतो आणि त्याचं भलं केलं असं समजतो. शिवालिकमध्ये याचा अर्थ असा की पूर्वेकडे उघड्या जागेपेक्षा सकाळचे पहिले दोन तास घराची किंवा मोठ्या झाडाची सावली पडेल अशी जागा कोवळ्या रोपाला बरी.

चंडीमंदिरची जमीन या दृष्टीने नीट पाहावी. उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर, त्यांतून उतरणारे पावसाळी ओढे ज्यांना इथे चो म्हणतात, आणि खाली घग्गर नदीचं खोरं. दिवसा वाट वाटावी असा चो हिवाळ्याच्या रात्री थंड हवेचा पाट होतो. चोच्या तोंडाशी असलेल्या अंगणात पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडेल आणि शंभर पावलांवर उंचवट्यावरच्या अंगणात पडणार नाही. त्यात भर म्हणजे डिसेंबर-जानेवारीत मैदानावर धुकं दिवसेंदिवस बसून राहतं, ऊन दिसत नाही, आणि वर कसौलीत मात्र लख्ख दिवस असतो. जागा निवडायची असेल तर जानेवारीतल्या पहाटे बागेत एक फेरी मारावी आणि गवत कुठे पांढरं झालंय ते पाहावं. कोणत्याही पुस्तकापेक्षा हा नकाशा खरा.

बर्फ सोसणाऱ्या जातींत सर्वांत देखणं झाड म्हणजे स्नो गमचा उंच डोंगरातला प्रकार, निफोफिला. ऑस्ट्रेलियातलं सर्वोच्च शिखर कोशियुस्को २,२२८ मीटर उंच आहे. त्याच्या परिसरात साधारण १,८०० मीटरच्या वर झाडांची सीमा संपते, आणि ती सीमा हेच झाड राखतं. वाकडंतिकडं, मंद वाढीचं, आणि खोडावर राखाडी, हिरवा, पिवळसर, तांबूस असे पट्टे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या बागांत ते उणे अठरा-वीसपर्यंत टिकल्याचा अनुभव आहे. टास्मानियाच्या पठारावरचं गनिआय त्याच्या खालोखाल. त्याच्या कोवळ्या फांद्यांवरची गोल, चांदीसारखी पानं युरोपातले फुलवाले गुच्छांत वापरतात. त्याचा गोडसर रस टास्मानियाचे मूलनिवासी गोळा करत आणि तो आंबून पेय होत असे. या झाडाचा एक दुर्मीळ उपप्रकार आता त्याच्या मूळ पठारावरच दुष्काळ आणि वाढत्या उष्णतेमुळे वाळतो आहे. स्नो गमच्या जंगलांनाही खोड पोखरणाऱ्या भुंग्यांनी ग्रासलं आहे. बर्फात पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिलेली झाडं उन्हाळ्याने खचत आहेत.

चंडीमंदिरचा जून या दोघांना झेपणार नाही. चंडीगडच्या परिसरात मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लू वाहते, रात्रीही माती थंड होत नाही, आणि लगेच जुलैपासून दमट पाऊस सुरू होतो. वर्षाच्या सुमारे अकराशे मिलिमीटरपैकी बहुतेक पाऊस तीन महिन्यांत पडतो. थंड उन्हाळ्याच्या या झाडांची मुळं तापलेल्या, पाणी धरलेल्या मातीत कुजतात. कुठून तरी हौसेने बी मागवून पायथ्याशी निफोफिला लावणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं. तो त्या झाडाचा दोष नाही, जागा त्याची नाही.

मग पायथ्याशी काय लावावं? माझं मत स्पष्ट आहे: कॅमाल्डुलेन्सिस, किंवा त्याचं रक्त असलेला चांगला संकर. हे ऑस्ट्रेलियाचं नदीकाठचं झाड जवळजवळ अख्ख्या खंडात पसरलेलं आहे, आणि म्हणून त्याचं बी कुठल्या नदीकाठचं यावर सगळं ठरतं. उत्तरेकडच्या उष्ण भागातलं बी थंडीला कच्चं, दक्षिणेकडचं पक्कं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने कॅमाल्डुलेन्सिस आणि टेरेटिकॉर्निस यांचे संकर केले, ते एफआरआय-४ आणि एफआरआय-५ म्हणून ओळखले जातात. तेलंगणातल्या भद्राचलमच्या कागद गिरणीने निवडून वाढवलेले क्लोन आज हरियाणाच्या शेतांच्या बांधावर आहेत, आणि यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांत पॉपलरच्या जोडीने जातात. इथल्या रोपवाटिकेत गेलात तर ‘क्लोन वाला या बीज वाला?’ असा प्रश्न येईल. क्लोनवाला म्हणा, आणि क्रमांक विचारा. २००१ च्या सुमारास दक्षिण भारतात आलेली, पानांच्या शिरांवर गाठी करणारी बारीक गांधीलमाशी पुढे उत्तरेतही पोचली. कॅमाल्डुलेन्सिस आणि टेरेटिकॉर्निस या दोन्ही जाती तिच्या आवडीच्या असल्याने कमी बळी पडणारा क्लोन निवडण्यात शहाणपण आहे. लाकूड नको, शोभा आणि सुगंध हवा, तर लिंबाच्या वासाचं सिट्रिओडोरा पाला न पडणाऱ्या उंचवट्यावर लावावं.

मोरनीच्या वरच्या अंगाला, जिथे चीडची, म्हणजे इथल्या पाईनची, झाडं सुरू होतात, तिथे निवड रुंदावते. हरियाणातलं सर्वांत उंच शिखर करोह तिथेच आहे, १,४६७ मीटरचं. या मधल्या पट्ट्यात हिवाळा बोचरा, पण उन्हाळा आणि पावसाळा दमट. अशा जागेसाठी व्हिक्टोरिया राज्यातल्या ओमिओ भागातलं नेग्लेक्टा मला सर्वांत योग्य वाटतं. कडक थंडीबरोबर ते दमट उन्हाळाही सोसतं, आणि ही जोडी या प्रजातीत विरळ. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात कॅम्फोरा चालतं. आणि कसौलीच्या उंचीवर, साधारण १,९०० मीटरवर, व्हिमिनॅलिस, नायटेन्स, डालरिंपलियाना यांचा विचार करता येतो. लहान अंगणाला बारीक पानांचं, आटोपशीर पार्व्हुला उत्तम. उटीचं ग्लोब्युलस तिथे हौसेने लावतात, पण उणे पाच-सहाच्या खाली त्याचा भरवसा नाही.

निवडीत थंडीपेक्षाही मोठी गोष्ट पाण्याची आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला चंडीमंदिरइतकी योग्य जागा देशात दुसरी नसेल. चंडीगडसाठी १९५८ मध्ये सुखना तलाव बांधला गेला आणि थोड्याच वर्षांत गाळाने भरू लागला. चंडीगडच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातले पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत शिवालिकमधल्या सुखोमाजरी गावापर्यंत गेले. पिंजोरजवळच्या या गावाचे डोंगर चराईने उघडे पडले होते. १९७० च्या दशकात तिथे छोटे मातीचे बांध घातले गेले, त्यांचं पाणी भूमिहीनांसह प्रत्येक घराला सारखं वाटायचं ठरलं, आणि मग गावानेच डोंगरावरची मोकाट चराई थांबवली. गवत आलं, त्यातलं भाबर विकून उत्पन्न आलं, सुखन्यात जाणारा गाळ घटला. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार पाहिलेल्या मराठी वाचकाला यातलं चराईबंदीचं सामर्थ्य वेगळं सांगायला नको.

याच संस्थेच्या उटी केंद्राने निलगिरी पर्वतावर, ग्लेनमॉर्गनच्या पाणलोटात, गवताळ कुरणावर ब्लू गम लावून ओढ्याचं पाणी वर्षानुवर्षं मोजलं. पहिल्या लागवडीत पाणलोटातून येणारं पाणी सोळा टक्क्यांनी घटलं. झाडं तोडून खुंटांतून पुन्हा फुटू दिल्यावर, दुसऱ्या फेरीत, घट पंचवीस टक्क्यांपर्यंत गेली. आणि हरियाणातच, हिसार जिल्ह्यातल्या पुठी गावी, कालव्यांमुळे पाणथळ झालेल्या शेतांत सफेद्याच्या दुहेरी ओळी लावल्या तर तीन वर्षांत भूजल पातळी सुमारे ८५ सेंटिमीटरने खाली गेली आणि गहू परत पिकू लागला. एका जागी झाड ओढा आटवतं, दुसऱ्या जागी तेच झाड शेत वाचवतं. १९८० च्या दशकात कर्नाटकात निलगिरीवरून शेतकऱ्यांची आंदोलनं झाली, आपल्याकडे सामाजिक वनीकरणात ती सरसकट लावल्याबद्दल टीका झाली. त्या रागामागचं कारण खरं होतं. झाड पाहून लागवड झाली, जमीन पाहून झाली नाही. तुमच्या जागेच्या खाली झरा असेल, किंवा खालच्या गावाची विहीर तुमच्या उतारावर भरत असेल, तर निलगिरी लावूच नका. तिथे खैर, बांबू, गवत यांची जागा आहे. पाणी साचणारा सखल कोपरा असेल तर निःशंक लावा, दोन-चार झाडं, जंगल नव्हे.

आगीचाही विचार हवा. एप्रिल ते जून या पट्ट्यातली चीडची जंगलं पेटतात. निलगिरीची सालपटं, तेलकट पानं त्या आगीला खाद्य पुरवतात. २०१७ च्या जूनमध्ये पोर्तुगालमध्ये पाईन आणि युकॅलिप्टसच्या जंगलांत लागलेल्या आगीत साठहून अधिक माणसं गेली. घरापासून झाड त्याच्या पूर्ण उंचीइतकं तरी लांब असावं, आणि खालचा पालापाचोळा उन्हाळ्याआधी उचलावा.

आता लागवड. उंच डोंगरातल्या जातींचं बी ओल्या वाळूत मिसळून सहा आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं, नाहीतर उगवण विरळ होते. बी राईपेक्षा बारीक असतं, त्यावर माती जेमतेम भुरभुरावी. पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप पिशवीत हलवावं आणि मुळं पिशवीत गोल फिरण्याआधी जमिनीत न्यावं. वीतभर रोप कुंडीतल्या पुरुषभर उंचीच्या झाडाला दोन-तीन वर्षांत गाठतं, आणि वाऱ्यात त्याच्याहून भक्कम उभं राहतं. आधाराची काठी बांधू नये. हलत वाढलेलं खोडच जाड होतं. पायथ्याशी जुलैचा पहिला पंधरवडा योग्य, म्हणजे हिवाळ्याआधी मुळांना पाच महिने मिळतात. वर कसौलीकडे बर्फ सरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, पाण्याची सोय असेल तर. सप्टेंबरनंतर युरिया आणि शेणखत दोन्ही बंद, कारण दिवाळीत फुटलेला कोवळा शेंडा जानेवारीत जळतो. पाल्याचा अंदाज असेल त्या संध्याकाळी बुंध्याशी पाणी द्यावं आणि रोपावर रात्रीपुरती पेंढ्याची झोपडी करावी, जशी इथले शेतकरी आंब्याच्या कलमांवर करतात.

एवढं करूनही एखाद्या हिवाळ्यात शेंडा काळा पडेल. फेब्रुवारीत तो लगेच छाटू नये आणि रोप उपटू तर अजिबात नये. बहुतेक जातींच्या बुंध्याशी, मातीलगत, एक लाकडी गाठ असते आणि तिच्यात सुप्त डोळे असतात. एप्रिल-मेमध्ये तिथून धुमारे येतात. त्यांतला जोमदार एक ठेवून बाकीचे काढावेत. नायटेन्सला मात्र ही गाठ सहसा नसते. ते गेलं की गेलं, त्याची जागा जुलैमध्ये दुसऱ्या जातीला द्यावी.